धाडकन्‌ला इंग्रजीत काय म्हणाल?



गेल्या महिन्यातल्या एका रविवारची गोष्ट. विहारात वंदना आटोपली, मोठी माणसे घरोघर गेली आणि मुलांचा इंग्रजीचा वर्ग बसला. हा वर्ग आम्हीच घेतो. आम्ही काही इंग्रजीचे प्राध्यापक नव्हे, बी.कॉम. होऊन कचेरीत कारकुनी करणारे. पण शिकवणीचे पैसे मोजण्याची ऐपत आपल्या वस्तीत किती घरांना आहे हे ठाऊक असल्यामुळे, जे येते ते देतो. तर वर्ग चालू असताना शेजारच्या बांधकामावरून एक मोठा पत्रा खाली आला. असा आवाज झाला की पहिलीतला एक पोरगा बहिणीला बिलगला आणि आमच्या हातातला खडू पडला. कोणाला काही लागले नव्हते. मुले हसू लागली, तेव्हा आम्ही म्हटले, "चला, आता जे झाले ते इंग्रजीत लिहा. एकच वाक्य."

अकरा वह्या समोर आल्या. दहा वह्यांत एकच वाक्य होते, 'अ बिग साउंड केम.' एकमेकांचे पाहून लिहिले म्हणावे तर मुले लांब लांब बसली होती. अकराव्या वहीत आठवीतल्या एका मुलीने लिहिले होते, 'द टिन केम डाउन धाडकन.' मुले तिला हसली. खोटे कशाला बोला, आम्हीही हसलो. तिने मान खाली घातली नाही. सरळ विचारले, "काका, मग धाडकन्‌ला इंग्रजीत काय म्हणायचं?"

आमची बोलती बंद झाली. 'नॉइज'च्या पुढे काही सुचेना. इतकी वर्षे कचेरीत इंग्रजी पत्रांचे मसुदे करीत आलो, पण 'विथ रेफरन्स टू युवर लेटर' या इंग्रजीत पत्रा कधी खाली पडत नाही. "पुढच्या रविवारी सांगतो" म्हणून वेळ मारून नेली आणि घरी येऊन शब्दकोश उघडला. आठवडाभरात जे हाती लागले ते आज वाचकांपुढे ठेवीत आहोत. ज्यांच्या घरी शाळेत जाणारी मुले आहेत त्यांनी ते मुलांना वाचून दाखवावे.

पहिली गोष्ट, आपला 'आवाज' हा एकटा शब्द तीन माणसांचे काम करतो. इंग्रजीत ती तीन माणसे वेगळी आहेत. कानाला जे जे ऐकू येते ते सारे 'साउंड'. नकोसा, त्रासाचा असेल तर 'नॉइज'. आणि माणसाच्या गळ्यातून येतो तो 'व्हॉइस'. 'बाईंचा आवाज गोड आहे' याचे भाषांतर आमच्या वर्गातली मुले 'टीचर्स साउंड इज स्वीट' असे करतात. तिथे 'व्हॉइस' पाहिजे. 'नॉइज' हा शब्द मुळात लॅटिनमधल्या 'नॉशिया'पासून, म्हणजे बोट लागून होणाऱ्या मळमळीच्या शब्दापासून आला असे बरेच कोशकार मानतात. गोंगाटाने डोके उठते ते आपल्याला ठाऊक आहे. तिकडच्या लोकांना पोटातही ढवळत असावे.

आता मुख्य मुद्दा. मुलांचे वाक्य का अडले ते आम्हाला दोन-तीन दिवसांनी उमगले. मराठीत आपण 'दार धाडकन आपटले' असे म्हणतो. आपटणे ही क्रिया वेगळी आणि तिच्या शेजारी 'कन' लावून आवाज बसवलेला. धपकन पडला, खाडकन मारली, टणकन वाजले, फाटकन बोलला. इंग्रजीत असा शेजारी बसवायचा रिवाज नाही. तिथे आवाजच क्रियापद होऊन बसतो. 'द डोअर स्लॅम्ड', संपले वाक्य. धाडकनही त्यात आले आणि आपटणेही त्यातच आले. आमच्या त्या मुलीचे वाक्य म्हणून असे होईल, 'द टिन शीट क्रॅश्ड टू द ग्राउंड.' तिने धाडकन्‌साठी वेगळी जागा शोधली, ती इंग्रजीत नव्हतीच. चूक बुद्धीची नव्हती, दोन भाषांच्या बांधणीची होती. हे तिला पुढच्या रविवारी सर्वांदेखत सांगितले, कारण हसलो होतो तेही सर्वांदेखतच.

मग कुठला आवाज कशाचा, हे जुळवणे आले. तांदळाचे पोते पाठीवरून खाली टाकले की 'थड'. जड वस्तू, बसका आवाज. भांड्यांची मांडणी कोसळली की 'क्रॅश'. त्यात पडणेही आहे आणि फुटणे-पांगणेही आहे. दारावर मुठीने ठोकले, हातोडा मारला, फटाका फुटला, की 'बँग'. 'स्लॅम' मात्र दार, खिडकी, झाकण असले काही जोरात बंद करण्यासाठी. बँग आणि स्लॅम मुले एकच समजतात, पण फटाका स्लॅम होत नाही.

एक गंमत आम्हाला फार आवडली. चहाच्या कपाला कप लागला तर 'क्लिंक', साखळी वाजली तर 'क्लँक', लोखंडी तुळईवर घण पडला तर 'क्लँग'. लहान नाजूक आवाजाला इ, मोठ्याला ॲ. आता आपल्याकडे पाहा. बांगड्यांची किणकिण आणि नाण्यांची खणखण. घड्याळाची टिकटिक आणि दारावरची टकटक. इंग्रजांनी आपल्याकडून घेतले नाही, आपण त्यांच्याकडून घेतले नाही, तरी कान तोच. इंग्रजी ही वाघिणीचे दूध आहे, ते सर्वांना पचत नाही, असे ज्यांनी आमच्या लहानपणी आम्हाला सांगितले, त्यांना हे दाखवायला हवे होते.

फार मोठ्या आवाजांचे शब्द वेगळे. तोफेचा किंवा सुरुंगाचा खोल, घुमणारा आवाज 'बूम'. दूरच्या मालगाडीचा, ढगांचा 'रंबल'. वाघाचा, खवळलेल्या समुद्राचा आणि सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकलचाही 'रोअर'. वीज कडाडते ती 'थंडर'. हे एका जुन्या देवाचे नाव. त्याच देवाला उत्तर युरोपात 'थॉर' म्हणत आणि 'थर्स्डे' हा त्याचाच वार. विजेचा लखलखाट म्हणजे 'लाइटनिंग'. मुले दोन्हींना एकच शब्द वापरतात. एक दिसते, दुसरा ऐकू येतो, एवढे लक्षात ठेवले म्हणजे झाले.

आम्हा कारकुनांसाठी मौजेचा शब्द म्हणजे 'रिपोर्ट'. बंदुकीच्या बाराच्या आवाजालाही इंग्रजीत रिपोर्ट म्हणतात! आम्ही आजवर असंख्य रिपोर्ट टाइप केले, पण एकाचाही आवाज साहेबांच्या केबिनपर्यंत गेल्याचे आठवत नाही. तोफेचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. २७ ऑगस्ट १८८३ रोजी इंडोनेशियातला क्राकाटोआ ज्वालामुखी फुटला. त्याचा आवाज हिंदी महासागरातल्या रॉड्रिग्ज बेटावर, सुमारे ४,८०० किलोमीटर दूर, ऐकू गेला. तिथल्या पोलीस अधिकाऱ्याला ते दूर कुठेतरी मोठ्या तोफा डागल्यासारखे वाटले, आणि त्याने तशी नोंद केली. आवाज कशाचा हे न कळताही तो कसा होता हे त्याने लिहून ठेवले, म्हणून आज आपल्याला ते माहीत आहे.

माणसांच्या गर्दीच्या आवाजाला इंग्रजीत शब्द पुष्कळ आहेत आणि ते सगळे निरुपद्रवी नाहीत. 'चीअर' म्हणजे आनंदाने ओरडणे. 'क्लॅमर' म्हणजे मागणीसाठीची ओरड. 'रॅकेट' म्हणजे गोंगाट, टेनिसची रॅकेट निराळी. 'अपरोअर' हा शब्द 'रोअर'पासून आला असे वाटते, पण तो डच भाषेतल्या बंडाच्या शब्दावरून आलेला आहे. आवाजाचा अर्थ त्याला मागून चिकटला. क्रिकेटच्या मैदानात हजारो लोक ओरडले तर चीअर, आणि हक्कासाठी पाचशे लोक ओरडले तर अपरोअर. इंग्रजी वर्तमानपत्र वाचताना मुलांनी हे दोन शब्द कोणासाठी वापरले आहेत ते पाहावे.

आणखी एक शब्द 'क्लॅपर'. लाकडावर लाकूड आपटून वाजवायची खुळखुळ्यासारखी वस्तू. मध्ययुगात युरोपात कुष्ठरोगी माणसाच्या हाती ती असे. लोकांनी ऐकून बाजूला व्हावे म्हणून. हे वाचले आणि आम्हाला फाहियान आठवला. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला तो चिनी भिक्खू आपल्या देशात आला. चांडाळ गावाबाहेर राहतात आणि नगरात किंवा बाजारात शिरताना लाकूड वाजवून आपण आल्याचे कळवतात, असे त्याने लिहून ठेवले आहे. तिकडे रोग्याला, इकडे निरोग्याला. गावात शिरताना ज्यांना एवढाच आवाज काढायची मुभा होती, त्यांच्यासाठी ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी पाक्षिक काढले त्याचे नाव त्यांनी 'मूकनायक' ठेवले. 'नॉइज' आणि 'व्हॉइस' यांतला फरक वर्गात सांगताना आम्ही आता हेच उदाहरण देतो.

असो. पुढच्या रविवारी मुलांना घरचा अभ्यास दिला. सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत घरात आणि वस्तीत जे आवाज ऐकू येतात ते मराठीत लिहून आणा, त्यांचे इंग्रजी आपण मिळून शोधू. वह्या भरून आल्या. एका खोलीत सहा माणसे राहत असली आणि मागून लोकल जात असली की आवाजांना काय तोटा? नळावर रिकामे हंडे आदळतात ते 'क्लँग'. लोकल गेली की खिडक्या 'रॅटल'. आजीचा खलबत्ता 'पाउंड', आईचे शिलाई मशीन 'व्हर्र', कुकर आधी 'हिस' आणि मग 'व्हिसल'. रिक्षाचा ब्रेक 'स्क्रीच'. एका मुलाने बापाचे घोरणे लिहिले, त्याला 'स्नोअर' दिला. ज्या मुलांच्या निबंधात आजवर 'अ बिग साउंड केम' याखेरीज काही नव्हते, त्यांनी एका तासात चाळीसच्या वर शब्द वापरले. बंद काचांच्या घरात वाढलेल्या मुलांना ही यादी जमली असती का, याची आम्हाला शंका आहे.

धाडकनवाल्या त्या मुलीच्या वहीत मात्र शेवटच्या ओळीपुढची जागा रिकामी होती. तिने लिहिले होते, 'बाबांच्या कानातला भुंगा.' आम्ही विचारले, हे काय? ती म्हणाली, "बाबांच्या कानात रात्री भुंगा वाजतो. बाहेर कोणालाच ऐकू येत नाही, त्यांनाच येतो. त्याला काय म्हणायचं काका?"

तिचे वडील पत्र्याचे भाग कापणाऱ्या कारखान्यात प्रेसवर आहेत. वीस वर्षे झाली. संध्याकाळी आम्ही त्यांच्या घरी गेलो. टीव्ही मोठ्याने चालू होता, वहिनी त्यांच्याशी समोर उभ्या राहून, तोंड जरा जास्तच उघडून बोलत होत्या. दादा म्हणाले, "ऐकू येतं हो मला सगळं. पण माणसं अलीकडं तोंडातल्या तोंडात बोलतात." कानाचे काय, असे विचारले तर म्हणाले, दवाखान्यात जाऊन आलो, कान दुखतो म्हणून सांगितले, थेंब दिले. दुखतो का? "दुखत नाही. पण तिथं दुसरं काय सांगणार? भुंगा वाजतो म्हटलं तर हसतील."

त्या रात्री आम्ही पुन्हा वाचायला बसलो, या खेपेस शब्दकोश सोडून. भुंग्याला इंग्रजी शब्द 'बझिंग'. कोणाला तो 'रिंगिंग', म्हणजे घंटेसारखा येतो, कोणाला 'हिसिंग', म्हणजे वाफेसारखा. डॉक्टरांच्या पुस्तकात या सर्वांना मिळून 'टिनिटस' म्हणतात, आणि तो शब्दही लॅटिनमधल्या घणघणण्याच्या क्रियापदापासूनच आलेला. म्हणजे दादांचा भुंगा हसण्यासारखा नव्हता. वैद्यकशास्त्रानेही आवाजावरूनच नाव ठेवले आहे. आतल्या कानात अतिसूक्ष्म केसांच्या पेशी असतात. वर्षानुवर्षे मोठा आवाज आदळला की त्या मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. नुकसान बहुधा ४,००० हर्ट्झच्या आसपासच्या बारीक आवाजांपासून सुरू होते. त्यामुळे स, फ, थ यांसारखे वर्ण आधी जातात. माणूस बोलतो हे ऐकू येते, काय बोलतो ते कळत नाही. 'तोंडातल्या तोंडात बोलतात' ही दादांची तक्रार अगदी याच मुक्कामावरची होती.

वहिनींचे तोंड उघडून बोलणे आम्हाला अजून डोळ्यांपुढे दिसते. इंग्लंडात लँकेशायरच्या कापड गिरण्यांत विणकामाच्या खात्यात मागांचा इतका खडखडाट असे की बायका आवाजाचा नादच सोडून ओठ आणि हातवारे यांनी बोलत. त्या बोलण्याला 'मी-मॉ' असे नावच पडले होते. आपल्या मुंबईच्या गिरण्यांतही साचाखात्यात तोच खडखडाट. परंतु तो आपल्या वाडवडिलांच्या वाट्याला आला नाही. धोट्यात सूत ओवताना ते तोंडाने ओढावे लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडाचा धोटा दुसऱ्याला चालत नसे. म्हणून जास्त पगाराचे विणकाम खाते त्यांना बंद होते. १९२८च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघड मांडला आणि पुढाऱ्यांना त्यावर बोलायला भाग पाडले. कान जाईल तो जावो, पण तिथे शिरायला मिळावे, अशी ती वेळ होती. आज प्रेसवर आपली मुले आहेत, पगारही घेतात. आता कानाचेही बोलले पाहिजे.

कारण त्याचाही कायदा आहे. मोठ्या आवाजाने येणारा बहिरेपणा हा १९४८च्या कारखाने कायद्यात कळवण्याच्या आजारांच्या यादीत होता, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांतही तो आहे. तिथले इंग्रजी शब्द वाचकांनी लिहूनच घ्यावेत : 'नॉइज इंड्यूस्ड हिअरिंग लॉस'. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबल ही मर्यादा धरली गेली. साधे बोलणे ६० डेसिबलच्या आसपास असते. यात एक मेख आहे. डेसिबल हा आमच्या कचेरीतल्या बेरजेसारखा चालत नाही. दहाने वाढला की आवाजाची शक्ती दसपट होते. ९० वरून १०० वर गेले तर थोडेसेच वाढले असे मुकादम म्हणेल. त्याला हे सांगावे, आणि कानात घालायचे बोळे मागावेत. मिळाले तर उकडते म्हणून खिशात ठेवू नयेत.

आणि राग येणार हे ठाऊक असूनही जाता जाता लिहितो. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंतीपुढे तान्ही मुले कडेवर घेऊन आमच्या भगिनी उभ्या असतात. २०००च्या नियमांत वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल लिहिले आहे. भिंतीपुढे किती असते ते मोजायला यंत्र लागत नाही, छातीला कळते. या सूक्ष्म पेशींना जयंती आणि प्रेस यांतला फरक समजत नाही. ज्यांना चिडायचे असेल त्यांनी आम्हाला पत्र लिहावे, छापू.

तर त्या मुलीने वडिलांसाठी एका कागदावर चार ओळी लिहिल्या. आम्ही फक्त दोन ठिकाणी 'द' घातला. प्रेस दिवसभर थड-थड करतो, वीस वर्षे झाली. दोन्ही कानांत बझिंग आहे, रात्री जास्त. कान दुखत नाही. लोक बोललेले ऐकू येते पण शब्द कळत नाहीत. एवढेच. दादा कागद घेऊन पुन्हा त्याच दवाखान्यात गेले. या वेळच्या डॉक्टरांनी तो दोनदा वाचला, हे कोणी लिहिले म्हणून विचारले, आणि थेंबांऐवजी श्रवणचाचणीची चिठ्ठी दिली. बंद खोलीत बसवून, कानाला यंत्र लावून बारीक-मोठे सूर ऐकवतात, ऐकू आला की बटण दाबायचे. दादा सांगत होते, "खोलीत काहीच आवाज नव्हता, तेव्हा भुंगाच सगळ्यात मोठा वाजत होता. मधे मधे मी नुसतंच बटण दाबलं." तसे करू नका, पुढच्या वेळी खरे ऐकू येईल तेव्हाच दाबा, असे त्यांना बजावले आहे.

चाचणीचा कागद हाती आला आहे. त्यावरची रेघ उजवीकडे खाली घसरलेली आहे. कारखान्याकडे द्यायच्या अर्जाचा मसुदा आम्ही करीत आहोत. त्यातली आवाजाची वाक्ये मात्र मुलीचीच ठेवली आहेत. आपल्यापैकी कोणी प्रेस, माग, ग्राइंडर किंवा ब्रेकरवर काम करीत असेल आणि कानात काही वाजत असेल, तर रविवारी वंदनेनंतर विहारात यावे. चाचणीचे आधीचे कागद असतील तर ते घेऊन यावेत.